चौथ्या गटाचं उत्तर

मानवतच्या पेठेत राजेश्वर अप्पांचं वह्या-पुस्तकांचं दुकान तीस वर्षांचं. पण अप्पांना लोक ओळखू लागले ते गेल्या दोन वर्षांत, आणि तेही वह्यांमुळे नव्हे. मोबाइलवर ‘चौकडी’ नावाचा एक खेळ रोज नवा येतो. सोळा शब्द विस्कटून मांडलेले असतात. त्यांतून एका जातकुळीचे चार-चार शब्द वेचायचे आणि चार गट लावायचे. चार चुका झाल्या की त्या दिवसापुरता खेळ खलास. लेकीनं, रुद्राणीनं, दिवाळीच्या सुट्टीत बापाच्या फोनमध्ये तो घालून दिला आणि ती पुण्याला निघून गेली. बापाला मात्र त्यानं असं धरलं की सोडवता सोडवेना.

अप्पा पहाटे उठत, आंघोळ करून कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढत, लिंगपूजा आटोपत आणि चहा गार व्हायच्या आत चौकडी सोडवून मोकळे होत. मग बरोबर सात वाजता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार हिंट टाकत, एकेका गटाला एक. पहिली सोपी, चौथी सगळ्यांत अवघड. उत्तर संध्याकाळी सहाला. त्यासाठी फोनला गजर लावलेला असे. त्याआधी सख्ख्या मेव्हण्यानं गळ घातली तरी अप्पा म्हणत, “सहाला या.”

सुरुवातीच्या हिंट मास्तरी थाटाच्या होत्या. ‘तिसरा गट: स्वयंपाकघरातल्या वस्तू.’ कुत्रं विचारत नव्हतं. एकदा मात्र गटात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं असे चार साप आले, आणि अप्पांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी लिहिलं: ‘आज अंधार पडायच्या आत अंगण झाडून घ्या. चौघांपैकी एक येऊन बसलेला असेल.’ तासाभरात ती हिंट पाथरीला पोचली, दुपारपर्यंत सेलूला. त्याच दिवशी कुणाच्या तरी गोठ्यात खरोखरच घोणस निघाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि अप्पांचं नाव झालं. एका ग्रुपचे पाच ग्रुप झाले.

त्या दिवशी अप्पांना एक गोष्ट उमगली. शहाणपण कोणी पुढे पाठवत नाही, भीती पाठवतात. हे उमगल्यावर खरं तर माणसानं स्वतःच घाबरायला हवं होतं. अप्पा खूश झाले. तिथून पुढे चौथी हिंट नेहमी अंगावर काटा आणणारी असे. विहिरीच्या सामानाचा गट असला तरी ‘खाली वाकून बघू नका’ असं काहीतरी त्यात येईच.

बायको त्रिवेणी एकदा भाकरी थापता थापता बोललीच. “लोकायला भेव घालायचा काय धंदा लावलाय तुमी?”

“अगं, खेळ हाय तो. गंमत.”

“तुमची गंमत व्हायलीय. ज्याला झोप येईना त्यानं काय करावं?”

अप्पांनी ते हसण्यावारी नेलं. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते त्यांना अजून ठाऊक व्हायचं होतं.

कापूस घरात येण्याचे दिवस होते. बाजारच्या दिवशी एका बाईचं लेकरू गर्दीत चुकलं होतं. तासाभरात ते जिलेबीच्या गाड्याखाली बसलेलं सापडलं, पण तेवढ्या तासात गावभर झालं होतं की पोरं पळवणारी टोळी आली. लेकरू सापडलं ही बातमी कोणी कोणाला सांगितली नाही. टोळीची मात्र तीन दिवस चाललेलीच होती.

अशातल्या एका सकाळी चौकडी आली. हराळी, कुंदा, लव्हाळा, गाजरगवत ही तणं अप्पांनी लगेच वेगळी काढली. मग भांडी निघाली, मग दागिने. उरले चार शब्द: वासुदेव, पिंगळा, गोंधळी, बहुरूपी. दारात येणारे, दोन शब्द बोलून, गाऊन, झोळीत काही पडलं की पुढे जाणारे. अप्पांना लगेच बजरंग आठवला.

बजरंग बहुरूपी दर वर्षी कापसाच्या हंगामात जिंतूरकडून यायचा आणि सात दिवस मानवतच्या आजूबाजूला फिरायचा. रोज नवं सोंग. कधी फौजदार, कधी वकील, कधी तहसीलदार. सोंगांची पत्र्याची पेटी तो अप्पांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवायचा. तिथेच सकाळी रंग लावायचा आणि संध्याकाळी तोंड धुवायचा. त्याच्या घराण्याचा एक शिरस्ता होता, बापाकडून आलेला. तोंडावर रंग आहे तोवर स्वतःचं नाव घ्यायचं नाही. कोणी ओळखलं तरी नाही, कोणी मारलं तरी नाही. सातव्या दिवशी तो धुतल्या तोंडानं, साध्या धोतरात दुकानासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, “अप्पा, ओळखलंत का?” आणि अप्पा कपाळावर हात ठेवून म्हणायचे, “न्हाई बा ओळखलं. कोण तू?” ती त्याची शाबासकी. मग बजरंग खळखळून हसायचा, आपलं नाव सांगायचा, आणि त्रिवेणी त्याच्या झोळीत पायलीभर ज्वारी घालायची.

तर बजरंग आठवला आणि अप्पांनी चौथी हिंट लिहिली: ‘आज चौघे जण तुमच्या दारात येतील. वेष वेगळा, बोली गोड. रिकाम्या हाताने परतणार नाहीत.’ लिहून त्यांनी ती दोनदा वाचली. फार दिवसांत इतकी झकास जमली नव्हती. बरोबर सातला ती पाचही ग्रुपवर गेली.

आठच्या सुमाराला मागच्या खोलीतून नर्सबाई बाहेर आली. पांढरी साडी, खांद्याला औषधाची पेटी, पायांत कॅनव्हासचे बूट, ओठ लालभडक. बजरंगचा तो चौथा दिवस. “ओ मालक,” नर्सबाईनं बारीक आवाजात साद घातली, “घरात पाच वर्साच्या आतलं लेकरू हाय का? काढा भायेर, डोस पाजायचाय!” दुकानात वह्या घ्यायला आलेले दोघं-तिघं पोट धरून हसले.

अप्पांनी हात जोडले. “न्हाई ओळखलं बाई. कोण तुमी?”

“सरकारी मानूस हाय मी. मालकाला बी दोन थेंब पाजा रे, भ्यालेले दिसायलेत.”

“आज कुनीकडं मग?”

“तळ्याच्या वाडीला. लेकरं लय हायत तिकडं.” एवढं बोलून नर्सबाई पेटी सावरत ठुमकत रस्त्याला लागली. आपली हिंट किती फक्कड जुळली, म्हणून अप्पा अर्धा तास स्वतःशीच हसत होते. पुढे आयुष्यभर त्यांना त्या अर्ध्या तासाची लाज वाटणार होती.

दुपारी बारा-साडेबाराला कापसाचे दलाल बन्सीधर दुकानाच्या पायरीवर येऊन टेकले. रोजचंच होतं. पण आज त्यांचा चेहरा उतरला होता.

“अप्पा, हे बगितलं का? नातवाला शाळेतून घेऊन आलो बगा मी.”

त्यांनी फोन पुढे केला. अप्पांनी चष्मा लावून वाचलं. ‘आज चौघे जण तुमच्या दारात येतील. वेष वेगळा, बोली गोड. रिकाम्या हाताने परतणार नाहीत.’ त्याखाली दुसऱ्याच कोणीतरी जोडलं होतं: ‘लेकरं घरात ठेवा. टोळी पाथरी रोडला दिसली आहे. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ सोबत कुठल्यातरी चार माणसांचा धुरकट फोटो. खेळाचं नाव नाही, अप्पांचं नाव नाही, आधीच्या तीन हिंट नाहीत. अप्पांच्या मजकुरात कोणी ध चा मा केला नव्हता. अक्षर न् अक्षर त्यांचंच होतं, फक्त मागचं-पुढचं कापलं गेलं होतं.

अप्पांनी चष्मा काढला. “बन्सीधर, ही माझी हिंट हाय. चौकडीतली.”

“आँ?” बन्सीधर बघतच राहिले. “मी सकाळपासून ग्रुप उघडलाच न्हाई हो. मला हे पावण्यांकडून आलं. मी तर चार ठिकानी धाडून मोकळा झालो.”

आतून त्रिवेणी जेवायला बोलवायला आली होती. तिनं फोन हातात घेतला, वाचला आणि नवऱ्याकडे बघितलं. ती काही बोलेल म्हणून अप्पा वाट बघत होते. तिनं एकच विचारलं.

“बजरंग कुठं गेलाय आज?”

अप्पांनी घाईघाईनं बजरंगचा नंबर लावला. रिंग गेली, आणि मागच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, फोन वाजू लागला. नर्सबाईच्या कमरेला बहुरूप्याचा फोन शोभत नाही म्हणून तो रोज पेटीतच ठेवून जायचा. तिघंही तो आवाज थांबेपर्यंत ऐकत उभे राहिले.

“ठान्यात फोन करा,” त्रिवेणी म्हणाली. “जल्दी.”

“करतो की.”

“मग करा ना. बघत काय बसलात?”

अप्पा का थांबले होते हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. ठाण्यात फोन करायचा म्हणजे हे कोणी लिहिलं ते सांगावं लागणार. तीस वर्षं पेठेत मान खाली घालावी लागली नव्हती. ते म्हणाले, “थांब गं. आदी उत्तर टाकतो. उत्तर बगितलं की समद्यायला कळतं, खेळ हाय म्हनून. भेव आपोआप जातोय.”

दोन वर्षांत पहिल्यांदा उत्तर सहाच्या आधी चाललं होतं. अप्पांच्या बोटांना सवय होती, आणि सवयीनं त्यांनी रोजच्यासारखंच लिहिलं: ‘चौथ्या गटाचं उत्तर: वासुदेव, पिंगळा, गोंधळी, बहुरूपी.’ ते पाठवलं. मग त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज लिहिला: ‘ही फक्त खेळातली हिंट होती. कोणी घाबरू नये. ही आपलीच माणसं आहेत.’ तोही पाठवला. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि वाट बघत बसले. वाट बघण्यात वीस मिनिटं गेली.

फोन वाजला तो बन्सीधरांचा. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन अप्पांच्या हातात दिला. पाथरीकडच्या कुठल्यातरी ग्रुपवरून आलं होतं: ‘टोळीची पक्की माहिती मिळाली. चौघे आहेत. वासुदेव, पिंगळा, गोंधळी, बहुरूपी. दिसले की धरा.’

अप्पांचा दुसरा मेसेज जिथे पाठवला होता तिथेच पडून होता. तो कोणी पुढे पाठवला नव्हता. घाबरू नका, हे कोण कोणाला पाठवतं? अप्पांना हे साऱ्या जिल्ह्यात सगळ्यांत आधी कळलेलं होतं, आणि ऐन वक्ताला तेच विसरले. विस्तव विझवायला म्हणून त्यांनी घागर ओतली होती, ती रॉकेलची निघाली.

मग त्यांनी ठाण्यात फोन केला. सगळं सांगितलं. तिकडून विचारलं, लिहिलं कोणी? “मी,” अप्पा म्हणाले. “राजेश्वर. पेठेत दुकान हाय माझं.” गाडी लगेच निघते असं तिकडून सांगितलं. गाडीची वाट न बघता अप्पांनी स्कूटर काढली. डोक्याची टोपी दुकानातच राहिली.

रस्त्यानं कापसाचे टेम्पो चालले होते. शेतांत वेचणीच्या बाया होत्या, पण गाणं नव्हतं आणि बांधावरच्या झाडांना लेकरांची एकही झोळी टांगलेली नव्हती. वेचणीला येताना रोज बरोबर असणारी लेकरं आज कोणी आणली नव्हती. वाडीच्या फाट्यावर बाभळीच्या आडोशाला एक वासुदेव बसला होता. मोरपिसांची उंच टोपी त्यानं डोक्यावरून काढली होती आणि खताच्या रिकाम्या पोत्यात कोंबत होता. पिसं मोडत होती, तरी कोंबत होता. त्याच्याकडेही फोन होता तर. अप्पांची स्कूटर बघून तो पोतं तिथेच टाकून शेतात पळाला.

“अरे, मी हाय! भिऊ नको!” अप्पा ओरडले. तो थांबला नाही.

तळ्याच्या वाडीत शिरताना सगळ्या घरांची दारं लावलेली होती. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. देवळापुढच्या पारावर माणसं दाटली होती, पन्नास-साठ असतील. आरडाओरडा ऐकू येईल म्हणून अप्पा मनाची तयारी करून आले होते. तिथे आवाजच नव्हता. सगळे काम उरकल्यासारखे उभे होते.

एकानं वळून बघितलं. “अप्पा आले बगा! चौकडीवाले अप्पा!”

गर्दीनं त्यांना वाट दिली. लग्नात सोयऱ्याला देतात तशी, मानानं. एक तरणा गडी पुढे झाला. त्याच्या हातात शिवळ होती, बैलगाडीच्या जुवातलं हातभर दांडकं. शिवळीच्या टोकाला पांढऱ्या कापडाची चिंधी अडकली होती. “तुमचं उत्तर बराबर हाय अप्पा,” तो म्हणाला. “चारातला एक घावला. बहुरूपी. बाईचं लुगडं नेसून लेकरं भायेर काढा म्हनत हिंडायलता. बाकीचे तीन बी घावतील.”

पाराच्या पायथ्याशी बजरंग पडला होता. औषधाची पेटी फुटून तिच्यातल्या गोळ्या मातीत सांडल्या होत्या. लिमलेटच्या होत्या, लेकरांना वाटायच्या. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती, सरजाबाई. वाडीत तेवढी एकटी त्याच्या आणि लोकांच्या मधे पडली होती. तिचाही एक हात सुजला होता.

“मी लय म्हनलं ह्याला,” ती अप्पांना म्हणाली. “म्हनलं, बाबा, नाव सांग तुजं, गाव सांग, सोडतील तुला. तर म्हनतो कसा, मी नर्सबाई हाय. मार खात खात तेच म्हनत व्हता. नाव काय त्यानं सांगितलं न्हाई.”

अप्पा ओरडले. “अरे, बजरंग हाय हा! धा वर्सांपासून येतोय! माझ्या दुकानात पेटी असती ह्याची!”

शिवळवाला गडी म्हणाला, “पन तुमीच तर धाडलं ना अप्पा. नावानिशी.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि मातीतच बसले. दोन मिनिटांनी पोलिसांची गाडी आली, तशी गर्दी पांगू लागली. वरातीमागून घोडं आलं होतं, आणि त्या घोड्यालाही अप्पांनीच वीस मिनिटं अडवून धरलं होतं.

बजरंगला परभणीला नेलं. अप्पा गाडीत त्याच्या पायाशी बसले. कॅनव्हासचा एक बूट कुठे पडला होता कोण जाणे. दुसरा त्यांनी सबंध वाटेनं धरून ठेवला. बजरंग मधे एकदा पुटपुटला. अप्पा कान लावून वाकले. “डोस,” तो म्हणाला, बारीक आवाजात, बाईच्या. त्यानंतर तो बोलला नाही.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लागलं. अप्पा बाकावर बसले. त्रिवेणी बन्सीधरांच्या गाडीतून आली, शेजारी बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पेटीतून बजरंगचं साधं धोतर आणि सदरा घडी करून आणला होता. मांडीवर घेऊन बसली होती.

अचानक गजर वाजला. आजूबाजूची माणसं दचकून बघू लागली. अप्पांच्या खिशातला फोन होता. सहा वाजले होते, उत्तर टाकायची वेळ झाली होती. अप्पांना तो बंद करता येईना. शेवटी त्रिवेणीनं खिशातून काढला आणि बंद केला.

थोड्या वेळानं दार उघडलं. आतून हवालदार आला, त्याच्या हातात वही होती. “ह्याच्याजवळ काय कागद न्हाई,” तो म्हणाला. “शुद्धीवर आला न्हाई तो. गेला. नाव लिहायचंय. तुमी ओळखता म्हनलात ना? आत या.”

आत पलंगावर पांढरी चादर ओढलेली होती. हवालदारानं ती तोंडावरून बाजूला केली. कोणीतरी तोंड पुसलं होतं; ओठांचा लाल रंग अर्धा निघाला होता, अर्धा राहिला होता. सुजेनं चेहऱ्याचं काही ठिकाणावर राहिलं नव्हतं.

“नीट बगा,” हवालदार म्हणाला. “ओळखलंत का?”

अप्पांचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. दहा वर्षं या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. तेच तोंडात आलं, आणि या घटकेला ते खरं असतं तर त्यांनी दुकान, घर, नाव, सगळं ओवाळून टाकलं असतं. मागे त्रिवेणी धोतराची घडी छातीशी धरून उभी होती. हवालदारानं पेन उघडलं.

सातव्या दिवसाला अजून तीन दिवस बाकी होते. रंगही पुरता धुतलेला नव्हता. ज्यानं मरेस्तोवर नाव सांगितलं नाही, त्याचं नाव आज त्याच्याआधी अप्पांनाच सांगायचं होतं.

“ओळखलं,” अप्पा म्हणाले. “बजरंग. बहुरूपी.”